सातबाऱ्यावर वारस नोंद: सेवा फुकट, मग पैसे कशाचे?

खातेदार वारला की त्याच्या मुलाबाळांची नावं सातबाऱ्यावर लावायची, एवढीच ही सेवा. सरकारी शुल्क नाही, वकील लागत नाही, अर्ज घरबसल्या भरता येतो. तरी कुठल्याही गावात या विषयावर बोलणं निघालं की पहिला प्रश्न 'वारस लावायला किती लागले?' असा असतो, आणि तो रुपयांचा असतो, दिवसांचा नाही. आमचं गुणांकन असं: कायद्याला पाचपैकी चार, ई-हक्क पोर्टलला (असे अर्ज ऑनलाइन भरायची सरकारी सोय) साडेतीन, चावडीत प्रत्यक्ष मिळणाऱ्या सेवेला दोन. हे दोन कुणाला अन्यायकारक वाटतील, कारण एक पैसा न घेता महिन्याभरात नोंद करून देणारे तलाठी भरपूर आहेत. पण 'आमच्याकडचा माणूस चांगला आहे' हे त्या माणसाचं कौतुक झालं. सेवेला गुण द्यायचे तर पुढच्या सजातही, म्हणजे शेजारच्या तलाठ्याच्या हद्दीतही, तेच मिळायला हवं.

(तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. बोलण्यात अजून तलाठी किंवा भाऊसाहेबच चालतं, म्हणून इथेही तेच.)

कायदा काय देतो

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ ची दोन कलमं पुरेशी आहेत. कलम १४९ म्हणतं, वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी, म्हणजे खबर, द्या, आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच लगेच द्यायची. तीन महिने उलटले म्हणून नोंद नाकारता येत नाही. 'मुदत गेली, आता साहेबांशी बोलावं लागेल' हे वाक्य ऐकू आलं तर समजून जा.

वर्दी आली की गाव नमुना ६-क, म्हणजे वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत ती जाते. तलाठी गावात चौकशी करतो, वारस कोण कोण ते ठरवतो आणि गाव नमुना ६ मध्ये फेर, म्हणजे हक्कबदलाची नोंद (फेरफार), धरतो. तिथून पुढे कलम १५०: फेरफाराची नोटीस चावडीत लागते, हितसंबंधितांना बजावली जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल, नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि शक्यतो वर्षभरात त्याचा निकाल लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. सर्कलचा निर्णय पटला नाही तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील, मुदत ६० दिवस.

चांगली रचना आहे. नोंद धरणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, मध्ये गावाला बोलायची संधी. चारच गुण का, ते पुढे बहिणींच्या मुद्द्यावर येईल.

ई-हक्क: कुठे चालतं, कुठे अडतं

पब्लिक डेटा एन्ट्रीच्या संकेतस्थळावर मोबाईल नंबरने खातं उघडायचं, सातबारा फेरफार निवडायचा, स्वतःला 'नागरिक' म्हणून नोंदवायचं, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी फेरफाराचा प्रकार. इथे वारस नोंदीखेरीज बोजा चढवणे, बोजा कमी करणे, अपाक (अज्ञान पालनकर्ता) शेरा कमी करणे, एकुम (एकत्र कुटुंब मॅनेजर) नोंद कमी करणे असेही प्रकार दिसतात. चुकीचा निवडला तर अर्ज परत येतो. विशेषतः 'मयताचे नाव कमी करणे' आणि 'वारस नोंद' यात लोक गोंधळतात. आधीच्या नोंदीत वारसांची नावं लागलेली असून मयताचं नाव तसंच राहून गेलं असेल तर पहिला प्रकार, नावं नव्याने लावायची असतील तर दुसरा.

पुढे मयताचा खाते क्रमांक, मृत्यूची तारीख, गट क्रमांक आणि एकेका वारसाचं नाव, पत्ता, फोन, मयताशी नातं. जोडायचे कागद: मृत्यूचा दाखला, मयताच्या नावचे ८-अ चे (खात्याचे) उतारे, रेशनकार्ड, वारसांचा रहिवासाचा पुरावा आणि सगळे वारस नमूद केलेलं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र. पोलीस पाटील किंवा सरपंचाचा वारसांबाबतचा दाखला सोबत असला तर चौकशी लवकर उरकते. अर्ज पाठवला की क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, पुढचं सगळं भांडण त्या क्रमांकावर लढायचं असतं.

आता खऱ्या अडचणी. सातबाऱ्यावर 'बापू' आणि दाखल्यावर 'बाबूराव' असा नावातला फरक सगळ्यात जास्त सापडतो. दोन्ही एकच व्यक्ती, हे शपथपत्रात आधीच लिहून टाका. दुसरी अडचण मधल्या पिढीची. उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत, वडीलही वारले, आणि नातू थेट स्वतःचं नाव लावायला जातो. तसं होत नाही. आजोबांचे सगळे वारस आधी येणार, त्यात वडिलांबरोबर काका आणि आत्याही. मयत वडिलांच्या जागी त्यांचे वारस दाखवायचे, म्हणजे दोन मृत्यूंचे दाखले लागणार. तिसरी: जमीन तीन गावांत असेल तर तीन अर्ज. एकाच गावात मयताची दोन खाती असतील, एक एकट्याचं आणि एक सामाईक, तर दोन्हींचे ८-अ जोडा, नाहीतर एका खात्यावर मयत तसाच राहतो आणि ते कर्ज काढताना बँकेत कळतं.

या झाल्या खऱ्या त्रुटी. खरी त्रुटी ओळखायची खूण सोपी: ती पोर्टलवर लिहून येते आणि एकदाच येते. तोंडी सांगितलेली, आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी अशी हप्त्याहप्त्याने येणारी, 'एकदा येऊन भेटून जा' यावर संपणारी त्रुटी कागदात नसते. तिच्यासाठी कितीही कागद दिले तरी ती भरून निघत नाही.

पोर्टलचे दीड गुण दोन कारणांनी कापले. महसुली वर्षाअखेरीला आणि कुठलीही मोहीम सुरू असताना सर्व्हरची चाल मंदावते, आणि 'सर्व्हर डाऊन' हे कारण मग नसतानाही वापरायला मिळतं. आणि अर्ज तलाठ्याच्या लॉगिनला पडून आहे एवढं दिसतं, पण का पडून आहे ते अर्जदाराला दिसत नाही. पैसे मागणारा नेमका त्या 'का'च्या आडोशाला उभा असतो.

घेतो, पण काम करतो

दर कुणी भिंतीवर लावत नाही, पण गावाला माहीत असतो. जिरायतीला कमी, बागायतीला जास्त, रस्त्याला लागून गट असेल किंवा भूसंपादनाची चर्चा असेल तर आणखी जास्त. मागणी थेट होतही नाही. तलाठ्याच्या टेबलाजवळ एक खासगी मदतनीस बसलेला असतो, ज्याची कुठल्याच हजेरीपटावर सही नाही. गावात त्याला 'झिरो' म्हणतात. त्यालाच डिजिटल सहीचं डोंगल कुठे ठेवलंय ते ठाऊक, दप्तर कुठल्या कपाटात तेही ठाऊक. 'भाऊसाहेब काही मागत नाहीत हो, पण वर सर्कलचं बघावं लागतं' हे तो सांगतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या बातम्या वाचल्या तर तलाठ्याबरोबर 'खासगी इसम' हा शब्द किती वेळा येतो ते दिसेल. त्या विभागाच्या आकडेवारीत महसूल आणि पोलीस ही दोन खाती बहुतेक वर्षी सगळ्यात वर असतात.

आणि झिरो असतो याचं एक कारण सरकारचं आहे. एका तलाठ्याकडे दोन-दोन सजांचा कार्यभार, त्यात पंचनामे, निवडणूक, अनुदानाच्या याद्या. काम एकट्याच्या हाताने उरकत नाही, मदतनीस ठेवावा लागतो, आणि त्याचा पगार सरकार देत नाही. तो कुणाच्या खिशातून निघतो हे सांगायला नको. अडचण खरी आहे. मात्र तिचा भार विधवा बाईच्या ८-अ वर टाकण्याची परवानगी कुणी दिलेली नाही.

पैशाचं नुकसान या सगळ्यात लहान. मोठं नुकसान गावाच्या मापात होतं. जो घेतो त्याच्याबद्दल गाव म्हणतं, 'माणूस चांगला आहे, घेतो पण काम करतो.' आणि जो घेत नाही, कागद पूर्ण असल्याशिवाय सही करत नाही, त्याच्याबद्दल काय म्हणतं? 'स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही.' खडूस, अडेलतट्टू, कामाचा नाही. नव्याने भरती झालेला, परीक्षा देऊन आलेला पंचविशीतला तलाठी सहा महिन्यांत ही दोन वाक्यं ऐकतो. त्याला लाच घ्यायला वरिष्ठांनी शिकवावं लागतंच असं नाही; गाव स्वतः चहापाण्याचं पाकीट टेबलावर ठेवून 'ठेवा हो, खुशीने देतोय' म्हणतं. पहिल्या वेळी तो नको म्हणतो. तेव्हा देणाऱ्याला मेहेरबानी वाटत नाही, भीती वाटते: आता काम होतं की नाही? नकाराची भीती वाटायला लागली की कुठलाही कायदा त्या चावडीत उपरा होतो.

'खुशीने' दिलेल्या पैशाचं लोक समर्थन करतात, म्हणून त्यावर थोडं अधिक. काम झाल्यावर पेढे दिले तर बिघडलं काय, असा युक्तिवाद असतो. बिघडतं ते पुढच्या माणसाचं. एकाच्या खुशीने दर ठरतो आणि दुसऱ्याला तो नाखुशीने भरावा लागतो. ज्याला परवडत नाही त्याचा अर्ज मागे सरकतो, आणि तो का मागे पडला याची नोंद कुठेच होत नाही.

ओळखीचा फोन

हा मार्ग वापरणारे लोक स्वतःला लाचखोरीच्या बाहेर समजतात. 'आम्ही एक रुपया दिला नाही, फक्त एक फोन लावला.' फोन आमदारांच्या पीएचा असतो, तहसील कचेरीतल्या भावकीतल्या कारकुनाचा असतो, कधी पत्रकार मित्राचा. फेर दोन दिवसांत धरला जातो, आणि हरकतीचे पंधरा दिवस सरले की नव्या सातबाऱ्याची पीडीएफ हातात येते.

सेवा म्हणून पाहिलं तर वेगात हा मार्ग सगळ्यांच्या पुढे आहे. पण तो वेग येतो कुठून? तलाठ्याच्या दिवसाचे तास तेवढेच आहेत. फोन आलेली नोंद आज धरली तर आधीच्या रांगेतली कुणाची तरी उद्यावर गेली. शिवाय फोनची परतफेड पैशात नसली तरी असते. पुढच्या वेळी त्याच पीएचा फोन 'अमक्याची हरकत नोंदवून घेऊ नका' म्हणून आला तर तलाठ्याला नाही म्हणता येत नाही, कारण मागच्या बदलीत त्याच फोनने त्याला घराजवळची सजा मिळालेली असते.

बदली आणि दिरंगाई यांचा असा संबंध महाराष्ट्राच्या कायद्यालाही माहीत आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यानंतर आलेल्या २००५ च्या अधिनियमात बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध, हे दोन्ही विषय एकाच कायद्यात आहेत. त्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो आणि बदल्यांचा भाग विसरून जातो. नेमणुकीचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं आणि कुठलीही फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, हे दोन नियम शेजारी बसवण्यात शहाणपण होतं. खुर्चीसाठी ज्याला कुणाचे तरी पाय धरावे लागले, तो खुर्चीत बसून सगळ्यांना सारखं वागवेल अशी अपेक्षा करता येत नाही.

बहिणीचं नाव

गुण सगळ्यात जास्त इथे गेले, म्हणून जरा सावकाश.

हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. प्रश्न असा की, ही मुलगी चावडीत नसते. ती सासरी असते, पुण्याला, सुरतेला, कधी दुबईला. अर्ज भाऊ भरतो, शपथपत्र भाऊ करतो, दाखला देणारा सरपंच भावकीतला असतो. नोटीस कुणाला बजावायची? अर्जात ज्यांची नावं आहेत त्यांना. ज्या वारसाचं नावच अर्जात नाही, त्याला नोटीस मिळत नाही, आणि १५ दिवस शांततेत सरतात. कायद्याचा एक गुण इथे कापला.

हे थांबवण्यासाठीच कायद्याने गावात जाऊन चौकशीचं काम तलाठ्यावर ठेवलंय. मयताला किती लेकी होत्या हे गावात लपत नाही. चावडीसमोरच्या टपरीवरही सांगतील. म्हणजे तलाठ्याला बहिणी माहीत नव्हत्या हे जवळजवळ कधीच खरं नसतं. त्याने विचारायचं नाही, एवढंच त्याच्याकडून हवं असतं, आणि बऱ्याचदा पैसे त्या न विचारण्याचे असतात. जो भाऊ हे पैसे देतो तो त्यांना लाच म्हणतच नाही, 'वारस लावायचा खर्च' म्हणतो. घरात रक्षाबंधन नेहमीसारखं होतं.

दुसरा प्रकार थोडा सभ्य दिसतो. बहिणीला चावडीत बोलावून 'मला हिस्सा नको' असा जबाब घेतात, किंवा साध्या कागदावर संमतीपत्र करतात, आणि तिचं नाव गाळूनच फेर धरतात. हे चुकीचं आहे, बहीण खरंच राजीखुशीने सोडत असली तरी. आधी तिचं नाव वारस म्हणून लागलं पाहिजे. मग तिला हक्क सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं, आणि त्यावरून वेगळा फेर पडतो. चावडीतल्या जबाबाने हक्क जात नाही. तलाठी 'दोन फेर कशाला, एकातच उरकू' म्हणत असेल तर तो तुमचा वेळ वाचवत नाहीये.

अशा नोंदीचं पुढे काय होतं तेही व्यवहारी भाषेत सांगण्यासारखं आहे. फेरफार मालकी देत नाही, तो महसुली नोंदीपुरता असतो, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. म्हणजे बहिणीचा हक्क गाळलेल्या नोंदीनेही जात नाही, तो फक्त दडतो. महामार्गासाठी संपादन आलं, मोबदल्याची नोटीस लागली आणि तिने हरकत घेतली की वाटपाचा वाद न्यायालयात जातो आणि मोबदलाही तिथेच जमा होतो. खरेदीदाराचा वकील शोध अहवाल काढताना मृत्यूचा दाखला आणि वंशावळ मागतो आणि सौदा मोडतो. चहापाण्यात वाचवलेला महिना दहा वर्षांच्या दिवाणी दाव्यात परत करावा लागतो. आणि खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, ही गोष्ट झिरो सांगत नाही.

लांब राहणाऱ्या बहिणींसाठी, आणि शहरात गेलेल्या भावांसाठीही, एक सोय मात्र खरोखर चांगली आहे: महाभूमी या सरकारी जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरची 'आपली चावडी'. गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात: फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख, गट क्रमांक. 'पहा' दाबलं की नोटिशीचा मजकूर उघडतो आणि कुणाकुणाची नावं लागणार ते वाचता येतं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरात मृत्यू झाला असेल तर पुढचे काही महिने आठवड्यातून एकदा पाहत जा. हरकत लेखी द्या, कारण लिहा, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा आणि पोच मागा. हरकतीची पोच देणं तलाठ्यावर कलम १५० नेच बंधनकारक आहे. गावी जाता येत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने तलाठी आणि सर्कल दोघांना पाठवा. एकालाच पाठवलं की दुसऱ्यापर्यंत ती कधीकधी पोचत नाही.

नोंद आधीच मंजूर झाली असेल तर प्रांताकडे अपील. ६० दिवस उलटून गेले असतील तर विलंब माफीचा अर्ज जोडून, नोंद कधी कळली ती तारीख पुराव्यासह लिहायची. त्यासाठी त्या दिवशी काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपयोगी पडतो. त्याला १५ रुपये लागतात आणि त्यावर तारीख असते.

मोहिमेचं काय झालं

२०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली गेली. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून पाहिलेलं काम पुढे सगळीकडे नेलं. तलाठ्याने चावडी वाचन करून (नोंदी गावासमोर वाचून) मयत खातेदारांची यादी करायची, वारसांनी कागद द्यायचे, मग फेर धरून मंजूर करायचे, असे टप्पे तारखांसह ठरवून दिले होते. कल्पना चांगली, कारण इथे अर्जदाराने तलाठ्याच्या दारात जायचं नाही, तलाठ्याने मयताच्या नावापासून सुरुवात करायची. जिथे तारीख आणि यादी दोन्ही जाहीर असतात तिथे अडवणुकीला जागा आकसते. पण मोहिमेत उद्दिष्ट आकड्यांचं असतं, आणि घाईत घेतलेल्या वारसांच्या यादीत बहीण गळण्याची शक्यता उलट वाढते. मोहिमेत नोंद झाली असेल त्यांनी फेरफाराची प्रत काढून नावं एकदा मोजावीत.

अडलंच तर

पहिली गोष्ट, सगळं लेखी. अर्ज क्रमांक टाकून तहसीलदारांना एक पानी पत्र: अमुक तारखेला ई-हक्कवर अर्ज, आजपर्यंत फेर धरलेला नाही, त्रुटी कळवलेली नाही, दप्तर दिरंगाई कायद्यानुसार कार्यवाही व्हावी. बऱ्याच प्रकरणांत एवढ्यावर फेर पडतो, कारण लेखी उत्तर देण्यापेक्षा काम करणं सोपं असतं. पंधरा दिवसांत हालचाल नाही तर माहितीचा अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागायचं ते नेमकं मागा. 'माझं काम का झालं नाही' असं विचारू नका, 'का' ला माहिती म्हणत नाहीत असं उत्तर येतं. अर्जावर कुठल्या तारखेला कुठल्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला त्याची प्रत मागा. आणि त्याच सजातल्या तुमच्यानंतर आलेल्या वारस नोंदींची, मंजुरीच्या तारखांसह, यादी मागा. रांग कुणी मोडली ते या दुसऱ्या कागदावर दिसतं.

उतारे आणि दाखले यांसारख्या अधिसूचित सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम लागतो. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी लिहिलेला फलक कार्यालयात असायलाच हवा. मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी आयोग. दंड ५०० ते ५,००० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण ती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते. हा कायदा उत्तम असून वापर कमी होतो, कारण अपील म्हणजे 'साहेबांशी वाकडं' असं समजलं जातं.

थेट पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४. पैसे देण्याआधी जा, दिल्यानंतर नाही. तक्रारीवर लगेच सापळा लागत नाही. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, बहुतेक वेळा आवाज रेकॉर्ड करून. मागणी सिद्ध झाली तर ठरलेल्या रकमेच्या नोटांचे क्रमांक लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. नोट हाताळणाऱ्याची बोटं सोडिअम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की द्रावण गुलाबी होतं. पैसे झिरोने घेतले तरी, तलाठ्याची मागणी पडताळणीत आलेली असेल तर तो सुटत नाही. सापळ्यातली रक्कम तक्रारदाराला परत मिळते आणि त्याचं कायदेशीर काम अडू नये याचा पाठपुरावाही विभाग करतो.

इथे २०१८ च्या दुरुस्तीची एक बाजू बहुतेकांना ठाऊक नसते. लाच देणं हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. विभागाला आधी न कळवता दिली असेल, तर ती जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. बहिणीचं नाव गाळायला दिलेले पैसे त्या सवलतीत बसत नाहीत, हे सांगायला वकील लागत नाही.

केंद्रचालकाबद्दल, आणि शेवटची तपासणी

आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत जाऊन ई-हक्कचा अर्ज भरून घेतला आणि टायपिंग-स्कॅनिंगचे पैसे दिले तर त्यात वावगं काही नाही. ज्याला मराठी टाईप करता येत नाही त्याने तेच करावं. फक्त मोबाईल नंबर स्वतःचा द्या, केंद्रचालकाचा नको. नाहीतर त्रुटीचा संदेश त्याच्याकडे जातो आणि 'आतून' काम करून देण्याचं बोलणं तिथे सुरू होतं. पावती मागा, जो पावती देत नाही तो पुढे कुणाचा तरी वाटा वसूल करतोय असं समजायला हरकत नाही.

नोंद मंजूर झाल्यावर उतारा काढून खालपर्यंत वाचा. मयताच्या नावावर आडवी रेघ आहे का, नवी नावं आणि त्यांच्यासमोरचा फेरफार क्रमांक बरोबर आहे का, सोसायटीचा बोजा फेडलेला असून तसाच राहिलाय का, आणि 'प्रलंबित फेरफार' च्या रकान्यात काही दिसतंय का. पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ नंतरच्या जमीन बदलांत फक्त वारसाची नोंद धरतात, म्हणून फेरफाराची प्रतही जपून ठेवा. गावठाणातलं घर या नोंदीत येत नाही. त्याची वारस नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला वेगळी करायची, आणि मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात. तिथली रांग वेगळी, शिपाई वेगळा, बाकी वरचं बहुतेक सगळं तसंच लागू.